धुरपताबाईचं अडलेलं पोट

दिघोरीच्या त्या गल्लीत सकाळी कोणाला घड्याळ पाहावं लागत नसे. धुरपताबाई अंगणात येरझारा घालू लागली की पाच वाजले समजायचं. सहा वाजून गेल्यावरही तिच्या फेऱ्या चालूच असल्या, तर आजही तिचं पोट साफ झालं नाही, हेही समजायचं. फाटकापासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून फाटकापर्यंत. मध्येच थांबायची, पोट दाबून पाहायची, संडासाच्या दाराकडं रागानं बघायची. आत जायची, तशीच बाहेर यायची आणि पुन्हा चालू लागायची.

“झालं का वो?” शेजारची जनाबाई कुंपणावरून विचारायची.

“तुह्या बापाचं काय जाते?”

“माह्या बापाचं काई नाई जात. पण तुहंही काई जाऊन नाई राहिलं, म्हून विचारलं.”

हसू नका. ज्याचं अडतं त्यालाच कळतं. तीन-तीन, चार-चार दिवस पोट दगडासारखं गच्च, तोंडाला चव नाही, जेवायला बसलं की दुसऱ्या घासाला ढेकर, आणि डोकं असं तापलेलं की समोरचा बोलला तरी राग, गप्प बसला तरी राग. सून सरिता बिचारी भात वाढतानाही दोन हात लांब उभी राहायची. मुलगा जीवन तर आई फेऱ्या मारायला लागली की सायकल काढून निघूनच जायचा.

आणि धुरपताबाई काही साधीसुधी बाई नव्हे. वय सत्तावन्न, उंची बेताची, आवाज मात्र तीन बांध्या ओलांडून जाणारा. अठरा बायांच्या रोवणीच्या टोळीची ती सव्वीस वर्षांची म्होरकी. आषाढात चिखलणी झाली की धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटायचे, पाणी साचवलेल्या बांधीत, खाचरात, नेऊन रोवायचे, आणि तेही गुत्त्यानं, म्हणजे अमुक एवढी जमीन अमुक दिवसांत उरकून द्यायची. टोळ्या गावात चार होत्या. पण ज्याला वेळेवर काम हवं, तो पहिल्यांदा धुरपताच्या दारात यायचा. कारण तिच्या टोळीचा एक कायदा होता. बांधीत पाय टाकला की जेवणाची वेळ होईस्तोवर कोणी पात सोडायची नाही. आपली ओळ ती आपली पात. ती धरून मागं मागं सरकत जायचं, कंबर वर करायची नाही, बांधीबाहेर निघायचं नाही. पाणी प्यायला नाही, लघवीला नाही, कशालाच नाही.

“अन् लागलीच तं?” लग्न होऊन आल्यावर पहिल्या रोवणीत सरितानं भीत भीत विचारलं होतं.

“लागन कायची? पाणी पेलीच नाई तं लागन कायची? अन् लागली तं ठेव धरून. आमी नाई का ठेवलं?”

असा सगळा रुबाब. आणि मागच्या वर्षी, गावातला शेतकरी मारोतराव याच्या मोठ्या बांधीत, भर अकरा वाजता धुरपताबाईच्याच पोटात कळ उठली. पाच दिवसांचं साचलेलं. तिनं दात आवळले, ओठ चावले, दहा मुठी आणखी रोवल्या. मग डोळ्यांपुढं अंधारी आली, हातातली पऱ्ह्यांची पेंडी पाण्यात पडली, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा म्होरकीनं पात सोडली. धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, जाऊन ती पोट धरून आडवी झाली. कोणी हसलं नाही. जनाबाई तेवढी आपली पात सोडून सरकत आली आणि धुरपताची पहिली पात तिनं धरली. ते धुऱ्यावर पडल्या पडल्या धुरपताबाईनं पाहिलं. वर्ष झालं, अजून तिला ते दिसतच होतं.

म्हणून यंदा तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. रोवणी महिन्यावर आली होती. यंदाही बांधीत उठावं लागलं, तर टोळी आपोआप जनाबाईकडं जाणार. कोणी सभा घेणार नाही, कोणी तोंडावर सांगणार नाही. फक्त एक दिवस शेतकरी कुंपणाच्या या फाटकात न येता त्या फाटकात जाईल, बस. झोपेतसुद्धा ती ते फाटक वाजताना ऐकायची.

उपाय करून झाले नव्हते असंही नाही. एरंडीचं तेल पिऊन झालं. हरड्याचं चूर्ण खाऊन झालं. तालुक्याच्या डॉक्टरनं पोट दाबून, रक्त तपासून सांगितलं, आत काही वाईट नाही, आणि एक पावडर लिहून दिली. पावडर घेतली की मोकळं व्हायचं, नाही घेतली की अडायचं. पण ती पावडर कधी लागू पडेल याचा भरवसा नव्हता. आज रात्री घ्यावी तर उद्या नऊला की बाराला, देवाला ठाऊक. रोवणीत असली पावडर कशी घ्यायची? घेतली तर पात सुटणार, नाही घेतली तरी सुटणार.

“आत्या, दवाखान्याच्या ओट्यावर योगाचे वर्ग लागले. तुमसरची मॅडम येते, रक्षा मॅडम. पोटाचे आसनं शिकवते म्हणते,” सरिता एके दिवशी लांबूनच म्हणाली.

“योगा? मी वाकून वाकून बुढी झाली, मले कोण वाकायले शिकवते?”

असं म्हणाली खरी. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, नऊवारीचा काचा मारून, सगळ्यांच्या आधी ओट्यावर हजर.

रक्षा तिशीची पोरगी, बारीक, शांत. आठवड्यातून तीन दिवस स्कुटीवर यायची. तिनं आधी धुरपताबाईला बाजूला बसवून विचारलं, शौचातून रक्त जातं का, वजन उतरलं का, औषधं कोणती चालू आहेत. मग आसनं सुरू केली. उताणं निजून गुडघे पोटाशी घ्यायचे, ते पवनमुक्तासन. पालथं निजून छाती वर उचलायची, ते भुजंगासन. उकिडवं बसून तळवे जोडायचे, कोपरांनी गुडघे बाजूला सारायचे, ते मलासन. जेवण झालं की पाच मिनिटं वज्रासनात बसायचं. आणि सगळ्याच्या आधी, उठल्याबरोबर, दोन गिलास कोमट पाणी.

धुरपताबाईनं योगा रोवणीसारखा अंगावर घेतला. मॅडमनं पाच वेळा सांगितलं तर ही वीस वेळा करणार. बाकीच्या बायांना ओरडणार, “ओळ धरा वो! तू मांगं काहून राहिली?” मॅडम डोळे मिटून श्वास सोडायला सांगायची, तेव्हा ही एक डोळा उघडून जनाबाईचे गुडघे किती वर आले ते पाहणार. हो, जनाबाईसुद्धा आली होती. पोट तिचं ठणठणीत होतं, पण धुरपता जिथं जाईल तिथं ती नाही असं होणं शक्य नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पवनमुक्तासन चालू असताना जनाबाईचा वारा सरला. चांगला दणक्यात. ओट्यावर ज्या बाया हसायला लागल्या त्या थांबेनात. सासवा हसल्या, सुना पदर तोंडात कोंबून हसल्या.

“हसा, हसा! मॅडमनं नावच तसं सांगतलं, तं मी काय करू?” जनाबाई निजल्या निजल्याच म्हणाली.

धुरपताबाई मात्र हसली नाही. ती ताठ पडून होती, गुडघे पोटाशी, चेहरा लाल, मूठ आवळलेली. रक्षा तिच्याजवळ वाकली. “मावशी, तुम्ही धरून ठेवून राहिल्या.”

“मंग काय सुनेसमोर सोडू?”

“मी अठी सोडायले शिकवून राहिली, अन् तुम्ही धरून ठेवायले आल्या. कसं जमन? श्वास बी धरला, पोट बी धरलं. आधी श्वास तं सोडा.”

धुरपताबाईनं श्वास सोडला. आणखी काय सोडलं ते सरितानं ऐकलं, पण तिनं तोंड वळवून घेतलं, आणि घरी जाईस्तोवर सासूशी एक शब्द बोलली नाही. सुनेचे असे उपकार सासू विसरत नाही. त्या दिवशी सरिताच्या ताटात वांग्याची भाजी दोनदा पडली.

मग दहा-बारा दिवस गेले. पाण्याचे दोन गिलास, आसनं, जेवणानंतर वज्रासन. भातासोबत पालेभाजी वाढली, कारण मॅडम आली की विचारायची आणि खोटं बोलायला धुरपताला जमायचं नाही. आणि एका सकाळी, पावडर न घेता, हरडा न खाता, सहा वाजायच्या आत धुरपताबाई संडासातून बाहेर आली ती गावची सरपंच निवडून आल्यासारखी. जनाबाई कुंपणावर होतीच.

“झालं वाटते.”

“झालं. अन् उद्या बी होईन.”

झालंही. सलग आठवडाभर झालं. अंगणातल्या फेऱ्या बंद पडल्या. जीवन सकाळचा चहा घरी घेऊ लागला. म्हातारी हसतमुख झाली आणि गल्ली सुनी वाटू लागली.

मग रोवणी लागली, आणि चार दिवसांत सगळं पाण्यात गेलं. पहिल्या दिवशी नाही झालं. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पहाटे चारला उठून आसनं दुप्पट केली, तिप्पट केली, मलासनात बसून पायाला मुंग्या आल्या, तरी नाही. पुन्हा फाटक ते गोठा, गोठा ते फाटक. आणि मारोतरावाची मोठी बांधी दोन दिवसांवर. तीच बांधी.

ती तडक ओट्यावर गेली आणि सगळ्यांसमोर रक्षावर तुटून पडली. “काय कामाचा तुहा योगा? निरा फसवणूक! चार दिवस झाले, पोट जसंच्या तसं!”

रक्षा चिडली नाही. “आसनं करून राहिल्या?”

“तिप्पट!”

“पाणी?”

“सकाळचे दोन गिलास. तू सांगतलेले.”

“अन् दिवसभर?”

“दिवसभर तं मी पाण्यातच उभी राहते ना! गुडघा गुडघा पाण्यात!”

“पाण्यात तं म्हैस बी उभी राहते, मावशी. पण ते पेते.”

बाया हसल्या. रक्षा हसली नाही. “सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत उन्हात घाम गाळता, अन् जेवताना घोटभर सोडलं तं पाणी नाही. आतडं कोरडं पडते. मंग मी कितीबी वाकवलं तरी कोरडं कुठून सरकन? काहून नाई पेत तुम्ही पाणी?”

“आमच्या टोळीत पेत नाई.”

“काहून?”

धुरपताबाई कारण शोधू लागली. कामाचा खोळंबा होतो म्हणून? बायांना आडोसा नसतो म्हणून? दोन्ही खरं होतं. पण दोन्हींच्या खाली आणखी काही होतं, आणि ते सगळ्यांसमोर सांगायचं नव्हतं. ती उठली आणि घरी आली; त्या दिवशी टोळीला सुट्टी होती. पण घरीही तिला बसवेना. उभ्या उभ्या भांडी आवरली, आवरलेली पुन्हा काढली.

तिचं माहेर सानगडीकडचं. बारा वर्षांची असताना ती आई पार्वताबाईसोबत पहिल्यांदा रोवणीला गेली होती. दुपारी तहान लागली म्हणून तिनं धुऱ्यावर उभ्या शेतमालकाला पाणी मागितलं. त्यानं तांब्या आणला. तिनं हात पुढं केले, तांब्या हातात येईल म्हणून. तो म्हणाला, ओंजळ कर, आणि वरून धार सोडली. उंचावरून, हात लागू नये म्हणून. निम्मं पाणी तिच्या कोपरांवरून चिखलात गेलं. दुसऱ्या जातीच्या बायांना मात्र तोच तांब्या हातात मिळाला होता. पार्वताबाईनं पोरीचा हात धरून तिला बांधीत परत नेलं. रडू दिलं नाही. एवढंच म्हणाली, “आजपासून पाणी मागायचंच नाई. आपण मांगतलंच नाई, तं वरून कोण ओतन?”

पंचेचाळीस वर्षं झाली. ते शेत राहिलं नाही, तो मालक राहिला नाही, पार्वताबाईही राहिली नाही. मारोतराव तर धुरपताला लग्नाच्या पंगतीत आपल्या हातानं वाढणारा माणूस. पण बांधीत उतरलं की धुरपताचा घसा आपोआप मिटायचा. तिनं टोळी केली तेव्हा तोच मिटलेला घसा तिनं कायदा करून अठरा बायांना वाटला. कोणाला कारण सांगितलं नाही. कारण सांगायची लाज वाटली, म्हणून त्याला शिस्त म्हटलं. हे सगळं त्या दुपारी भांडी काढता काढता तिच्या ध्यानात आलं, आणि तिला स्वतःचाच असा राग आला की हातातलं पातेलं तिनं धाडकन आपटलं.

“आत्या, काय झालं?” सरिता धावत आली.

धुरपतानं सुनेकडं पाहिलं. पोरीचा चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. “तुले लघवीले जळजळ होते का वो?”

सरितानं मान हलवली.

“कधीपासून?”

“मागच्या रोवणीपासून,” सरिता म्हणाली. “तुमीच म्हणलं होतं, ठेव धरून.”

“उद्या सकाळी दवाखान्यात जायचं. रक्षासमोर नाई, डॉक्टरीणबाईसमोर.” एवढं बोलून धुरपता अंगणात गेली आणि अंधार पडेस्तोवर फेऱ्या मारत राहिली. पण त्या फेऱ्या पोटासाठी नव्हत्या.

मारोतरावाच्या बांधीचा दिवस उजाडला. आभाळ भरलेलं, उकाडा मरणाचा. सरिता दवाखान्याच्या गोळ्या घेऊन आली होती. अठरा जणी ओळीनं उतरल्या. पहिली पात धुरपताची, शेजारची जनाबाईची. मुठीमागून मूठ, हात चालले, पाय मागं मागं. मारोतराव छत्री घेऊन धुऱ्यावर उभा.

धुरपताबाईनं सकाळी ठरवलं होतं. आल्याबरोबर बोलायचं. आल्याबरोबर नाही बोलली. मग ठरवलं, पहिली आडवी ओळ झाली की बोलायचं. ती झाली. शब्द घशाशी यायचे आणि बारा वर्षांच्या पोरीचे ओले कोपर आठवायचे. मागायचं म्हणजे पुन्हा हात पुढं करायचे. अन् आपणच मागितलं, तर सव्वीस वर्षं या बायांना कशासाठी सुकवलं?

दहा वाजले. कळ उठली. मागच्या वर्षीचीच, त्याच जागी. जनाबाईनं वाकल्या वाकल्याच तिच्याकडं पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाली, “उठतेस का? मी धरते तुही पात.”

त्या आवाजात खुन्नस होती की माया, धुरपताला कळलं नाही. आता वाटतं, मायाच असावी. पण त्या घडीला तिला एवढंच कळलं, की आपण एकटी उठलो तर हरलो, आणि नाही उठलो तर ही सरिता आणखी दोन तास धरून ठेवणार.

ती उठली. कंबर सरळ केली, आणि तीन बांध्या ओलांडणाऱ्या आवाजात ओरडली, “थांबा वो सगळ्या! हात थांबवा!”

बाकीच्या सतरा कंबरा एकदम वर आल्या. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. कोणाला साप निघाला वाटलं.

“काय झालं धुरपताबाई?” मारोतराव छत्री सावरत पुढं आला.

“पाणी पायजे.”

“आँ?”

“पाणी, मारोतराव! प्यायचं पाणी! घरून घागर आणा, पेला आणा. अन् त्या पळसाजवळ चार बांबू गाडून लुगडं बांधते मी, आणलं आहे संगं. ज्या बाईले जेव्हा लागन ते जाईन, पाणी पेईन, मोकळी होऊन येईन. पात तिथंच राहाते, कोणी पळवून नाई नेत.”

“अवो, पण आज ही बांधी उरकायची आहे...”

“नाई उरकली तं उद्या उरकन. तुमचं धान उद्या बी लागन. माह्या बायाचं पोट नाई थांबत.”

मारोतरावानं छत्री मिटली. मग म्हणाला, “इतके वर्षं बोलल्या काहून नाई? मले वाटे तुमच्यात पाणी पेतच नाई कोणी.” आणि छत्री टाकून घराकडं निघाला.

तो परत येईस्तोवर लुगडं बांधून झालं होतं. पहिली सरिता गेली, मग आणखी दोघी-तिघी, पाठोपाठ, घाईघाईनं. बाकीच्या धुऱ्यावर पाय पसरून बसल्या. पिण्यासाठी हात थांबवणं कोणाच्या सवयीचं नव्हतं.

मारोतरावानं घागर आणली, पेला आणला. पेला बुडवला, भरला, आणि धुरपताबाईसमोर धरला.

आणि तिनं काय केलं? पंचेचाळीस वर्षांपूर्वीसारखी ओंजळ पुढं केली. आपोआप. दोन्ही हात जोडून, कोपर खाली करून, मान वाकवून. तिला स्वतःलाच कळलं नाही. मारोतराव पेला धरून उभा, त्यालाही काही कळेना.

“ओंजळ कायले वो करतेस?” जनाबाई खेकसली. “पेला धर ना!”

धुरपतानं आपल्या हातांकडं पाहिलं. हळूहळू ते सुटे केले. चिखलाच्या बोटांनी पेला धरला, तोंडाला लावला, आणि घटाघटा पिऊन टाकला. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. दुसरा पेला मागितला. तोही प्याली. मग पेला जनाबाईच्या हातात दिला.

बांधी त्या दिवशी पुरी झाली नाही, एक तुकडा उरला. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास सगळ्या बाया परत त्याच बांधीत होत्या, घागर भरून धुऱ्यावर ठेवलेली, लुगडं वाऱ्यावर फडफडत होतं. आणि पहिल्या पातीची म्होरकी मध्येच उठली. कोणाला काही न सांगता, सगळ्यांच्या देखत, ताठ मानेनं लुगड्याच्या आड गेली.

बऱ्याच वेळानं बाहेर आली. जनाबाईनं वाकल्या वाकल्या विचारलं, “झालं का वो?”

“झालं,” धुरपताबाई म्हणाली, आणि आपली पात तिथून पुढं धरली.